पहिल्यांदा नाटक बसवताय? तालीम लावायच्या आधी वहीत काय काय उतरवायचं

दरवर्षी जून-जुलै आला की कॉलेजमधल्या कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, ताई यंदा दिग्दर्शन मी करतोय, तालीम कधीपासून लावू? आणि मी दरवेळी उलट विचारते, वहीत काय लिहिलंयस? बहुतेकदा उत्तर येतं की अगं डोक्यात सगळं तयार आहे. असेलच, मला मान्य आहे. पण डोक्यातलं बाकीच्या पंधरा जणांना दिसत नाही, लाइट करणाऱ्याला दिसत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात एखादा नट मध्येच थांबून 'पण मी इथून का उठू?' असं विचारतो ना, तेव्हा ते आपल्यालाही दिसेनासं होतं. म्हणून हा लेख फक्त तालमीच्या आधीच्या कामाबद्दल आहे. अभिनय कसा करून घ्यायचा वगैरे वेगळा विषय, तो इथे नाही.

उदाहरण म्हणून मी एकच नाटक घेते, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ सालचं, रंगायन या नाट्यसंस्थेने केलेलं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक आणि बेणारेच्या मुख्य भूमिकेत सुलभा देशपांडे. कॉलेज संपता संपता मी हे बसवलंय, त्यामुळे काय चुकतं तेही सांगता येईल. गोष्ट थोडक्यात अशी की मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे खोट्या कोर्टाचा, प्रयोग करायला येते, रात्री प्रयोग आहे, मधे वेळ आहे, एक माणूस आलेला नाही म्हणून गावातल्या सामंतला साक्षीदार करायचं ठरतं, आणि त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला चालवतात. आरोपी बेणारे बाई, आरोप भ्रूणहत्येचा. पुढे गंमत गंमत राहत नाही. नाटक वाचलं नसेल तर आधी ते वाचा, मग इकडे या.

आधी नुसतं वाचा, आणि एका बैठकीत

पहिलं वाचन हातात पेन न घेता. फोन लांब. दीड-दोन तास सलग. कारण प्रेक्षक ते नाटक सलग बघणार आहे आणि तुम्ही पहिल्यांदा प्रेक्षक असण्याची ही एकच वेळ आहे, परत कधीच मिळत नाही. वाचून झालं की लगेच पाच ओळी लिहून ठेवा, कुठे हसू आलं, कुठे पोटात गोळा आला, कुठे कंटाळा आला. कंटाळा आला तेही लिहायचं, तेंडुलकरांचं असलं तरी. या पाच ओळी पुढे दोन महिन्यांनी सोन्यासारख्या वाटतात, कारण तोपर्यंत नाटक इतकं पाठ झालेलं असतं की काहीच जाणवत नाही.

दुसऱ्या वाचनात फक्त माहिती गोळा करायची. जागा कुठली, वेळ कुठली, कोण कधी आत येतं, कोणाला काय आधीपासून माहीत आहे आणि कोणाला नाही, कुठल्या वस्तूचा उल्लेख येतो. स्वतःचं मत घालायचं नाही, संहितेत जे छापलंय तेवढंच. हे काम कारकुनी वाटतं म्हणून बरेच जण टाळतात आणि मला वाटतं तिथेच नाटक हातातून सुटतं.

दाराची कडी बघा. अगदी सुरुवातीला सामंत आणि बेणारे हॉलमध्ये येतात, कडीत तिचं बोट दुखावतं, आणि सामंत तिला साधेपणाने सांगतो की ही कडी अशीच आहे, नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकतो. पहिल्या वाचनात आपण हे वाचून पुढे जातो. नंतर खटला अंगावर यायला लागतो, बेणारे उठून दाराकडे जाते, आणि दार उघडत नाही. म्हणजे लेखकाने पहिल्या पानावरच पिंजरा दाखवून ठेवलाय, आणि तोही सामंतच्या भल्या तोंडून. तुम्ही वस्तूंची यादी केली असेल तर 'कडी' हा शब्द दोनदा येतो आणि आपोआप डोळ्यात भरतो. तसाच तो कापडी पोपट, सामंत पुतण्यासाठी घेऊन आलेला. तो शेवटी कुठे जातो ते बघा. तुमचं नाटक दुसरं असेल तर त्यात दुसरं काही असेल, एखादं पत्र, एखादा फोटो, रिकामी खुर्ची. असतंच.

तिसरं वाचन मोठ्याने, आणि शक्यतो चार मित्रांना बसवून. कोणी अभिनय करायचा नाही. नुसतं कानावर पडू द्या.

वहीची मांडणी

लाँगबुक घ्या, साधी वही पुरत नाही. संहितेची झेरॉक्स काढायची, पानाच्या एकाच बाजूला, आणि प्रत्येक झेरॉक्स वहीच्या डाव्या पानावर चिकटवायची, उजवं पान पूर्ण कोरं. डावीकडे लेखक, उजवीकडे तुम्ही. उजव्या पानावर पेन्सिलनेच लिहायचं कारण मूव्हमेंट दहा वेळा बदलतात, लाइटचे क्यू (कधी काय बदलायचं त्या खुणा) लाल पेनने आणि म्युझिकचे निळ्याने, तेही अगदी शेवटच्या आठवड्यात. लॅपटॉपवर करतात हल्ली बरेच जण, करा, पण तालमीत उभं राहून एका हातात धरता येईल आणि लाइट गेल्यावरही वाचता येईल अशी एक कागदी प्रत हवीच. आणि वहीवर नाव-नंबर टाका, मी एकदा लोकलमध्ये विसरले होते आणि एका काकूंनी फोन करून परत दिली.

आता एक वाक्य

खरं अवघड काम हे आहे. 'व्हिजन' हा शब्द ऐकला की मुलं सेट आणि लाइटबद्दल बोलायला लागतात, लाल लाइट टाकू, मागे जाळी लावू, सगळ्यांना काळे कपडे देऊ. हे सगळं नंतरचं. आधी एक वाक्य लागतं, की हे नाटक बघताना प्रेक्षकाचं नेमकं काय व्हावं असं मला वाटतं.

'स्त्रीवरचा अन्याय दाखवायचा आहे' हे वाक्य झालं नाही, हा निबंधाचा विषय झाला. त्यावरून तुम्हाला खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवता येत नाही. वाक्य कामाचं आहे की नाही याची मी एकच परीक्षा लावते, त्या वाक्यावरून मला कशाला तरी 'नाही' म्हणता येतंय का.

आमचं वाक्य बनायला नऊ दिवस लागले. आम्ही सामंतवर अडकलो होतो. तो चांगला माणूस आहे, बेणारेबद्दल त्याला आदर आहे, त्याला तिचं वाईट करायचं नाही, आणि तरी साक्षीला उभा राहिल्यावर तो हातातल्या कादंबरीतलं वाचून वाचून साक्ष देतो आणि त्याच साक्षीने फास आवळला जातो. मग लक्षात आलं की समोर बसलेला प्रेक्षकसुद्धा तसाच आहे. तोही पहिल्या अंकात हसतोय, मजा घेतोय. तर वाक्य झालं, 'सामंत जसा नकळत सामील होतो, तसाच प्रेक्षक सामील व्हावा, आणि ते त्याच्या उशिरा लक्षात यावं.'

या एका वाक्याने किती गोष्टी कटल्या बघा. सुरुवातीला गंभीर म्युझिक नाही, कारण त्याने प्रेक्षक आधीच सावध होतो. खटला चालवणाऱ्या मंडळीतले सुखात्मे, काशीकर, पोंक्षे, कर्णिक यांना व्हिलनसारखं खेळायचं नाही, ती आपल्या चाळीतली, ऑफिसातली हसरी माणसं वाटली पाहिजेत, पहिला अर्धा तास तर आवडली पाहिजेत. लाल लाइट नाही. बेणारे सुरुवातीपासून दुःखी नाही, उलट स्टेजवरची सगळ्यात जिवंत, चेष्टेखोर बाई तीच. आमच्या बेणारेला पहिल्या वाचनापासून शेवटचं स्वगत दिसत होतं आणि ती पहिल्या एन्ट्रीपासूनच डोळ्यात पाणी आणून यायची, चांगल्या चांगल्या नट्यांचं होतं हे. तिला मी काहीच समजावलं नाही, फक्त दोन आठवडे शेवटच्या स्वगताची तालीमच घेतली नाही.

तुमचं वाक्य माझ्यापेक्षा वेगळं येईल आणि यायलाच पाहिजे. कोणाला वाटेल की हे नाटक सौ. काशीकरांचं आहे, एका बाईने दुसऱ्या बाईला ओढत पिंजऱ्यात नेण्याचं. मग सगळं बदलेल, सौ. काशीकर कुठे बसतात, केव्हा विणकाम थांबवतात, सगळंच. एकाच संहितेतून दोन प्रामाणिक नाटकं निघतात.

कधीकधी हे वाक्य शब्दात येतच नाही, एका आकारात येतं, तेही चालतं. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये पुण्यात उभं राहिलं तेव्हा जब्बार पटेलांच्या प्रयोगात पाठमोऱ्या माणसांची भिंत होती, तीच भिंत झाकते, तीच उघडते, आणि त्यातलीच माणसं पुढे येऊन पात्रं होतात. आख्खं नाटक त्या भिंतीत आहे, सत्ता काय लपवते आणि कोणाच्या पाठीआड लपवते ते. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला माणूसच कीर्तन करतो, तिथे कीर्तन हा फॉर्मच दृष्टिकोन आहे. पण हे बघून आपल्याही नाटकात उगाच कीर्तन किंवा भिंत आणू नका. त्या नाटकांच्या पोटातून ती आलेली आहे.

कुठे करताय त्यावर बरंच ठरतं

स्पर्धेसाठी असेल तर नियमावली घेऊन बसा आणि अक्षर न् अक्षर वाचा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात होते, तिथे भर लेखन-दिग्दर्शन-अभिनयावर. फिरोदिया करंडक ही कॉलेजांचीच दुसरी स्पर्धा, तिथे विविध कला गुंफायच्या असतात. एकाच मुलाने एकाच वर्षी दोन्हीकडे तेच व्हिजन नेलं तर कुठेतरी फसतं. ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाच्या अकादमीसारख्या ठिकाणी नाटक शिकत असाल तर सरांपुढे मांडणी करावी लागते, तिथे तुमचं ते एक वाक्य आणि नकाशा सगळ्यात आधी ठेवा, पंधरा पानी प्रस्तावना नंतर.

आणि परवानगी. हे सगळेच शेवटी बघतात आणि मग धावपळ होते. आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत परवानगीशिवाय त्यांचं नाटक करता येणार नाही, आणि प्रसंग कापायचे असतील, तीन अंकांचं एका तासात आणायचं असेल तर तेही आधी विचारायचं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, स्वतः लिहिलेली नवी संहिता असेल तर त्यासाठी हाताशी वेळ ठेवा. लेखक हयात असेल तर स्वतः फोन करा, निर्मितीवाल्या मित्राला करायला लावू नका. लेखकाशी दहा मिनिटं बोलून जे कळतं ते वहीत कुठे मिळणार.

नकाशा

ग्राफपेपर घ्या, एक चौकोन म्हणजे एक फूट, आणि स्टेजवर टेप लावून खरं माप घेऊन या. रुंदी, खोली, विंगा किती, मागून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाता येतं का (बऱ्याच कॉलेज हॉलमध्ये जाता येत नाही आणि ते प्रयोगाच्या दिवशी कळतं). मग खुर्च्या-टेबलं कागदाची कापून त्या ग्राफवर सरकवत बसा. शिवाय पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, उजव्या टोकाला आणि शेवटच्या रांगेत स्वतः बसून या, तिथून काय दिसत नाही ते नकाशावर पेन्सिलने भरा. त्या भरलेल्या भागात महत्त्वाचं काही ठेवायचं नाही.

आमच्या नकाशात पहिलं ठरलं ते दार, अप स्टेज (म्हणजे स्टेजच्या मागच्या भागात) उजवीकडे, तिरकं, म्हणजे हॉलमधल्या प्रत्येकाला कडी दिसेल. मग सामंतचं स्टूल, डाउन स्टेज (म्हणजे पुढच्या भागात) डावीकडे, अगदी कडेला, प्रेक्षकांच्या इतकं जवळ की पहिल्या रांगेतल्या माणसाला तो आपल्यातलाच वाटावा. तो बाकीच्यांचा खेळ ज्या कोनातून बघतो जवळपास त्याच कोनातून प्रेक्षक बघतो. आरोपीचा पिंजरा या दोघांच्या मधे. म्हणजे बेणारेपासून दारापर्यंत जाताना अख्खी मंडळी आडवी येते आणि सामंतकडे यायचं तर वाट मोकळी आहे, पण ती कधी येत नाही आणि तोही उठत नाही. हे कोणाला शब्दात सांगितलं नाही, पण पोरं तालमीत तिथे बसली की आपोआप जाणवायला लागलं.

आता दाराचं. तीन आठवडे आम्ही खोट्या दारावर तालीम केली, हवेत हात करून कडी लावायची. खरं दार, एका पाडलेल्या वाड्यातलं, जुनं सागवानी, रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आलं. वजन प्रचंड, चौकट नीट ठोकली गेली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी बेणारे दाराशी पोचली, तिने ओढलं, आणि दार सरळ उघडलं. ज्या क्षणासाठी नाटक होतं तोच क्षण गेला. ती पोर तिथे उघड्या दारासमोर उभी होती आणि तिला पुढे काय करावं सुचेना, मला आजही तिचा चेहरा आठवतो. रात्रभर बसून चौकटीला मागून दोन तिरके टेकू दिले आणि बाहेरून एक मुलगा फक्त दार धरायला ठेवला. तर सांगायचं हे की ज्या वस्तूवर तुमचं व्हिजन उभं आहे ती वस्तू पहिल्या आठवड्यात तालमीत आली पाहिजे, बाकीचा सेट शेवटच्या दिवशी आला तरी चालेल. आणि खरी कडी हातात आली की नटांचं कामच बदलतं, त्या लोखंडी खटक्याचा आवाज आमच्या कुठल्याही म्युझिकपेक्षा जास्त बोलायचा.

लाइट, म्युझिक, कपडे

प्रत्येकाला एक एक पान लिहून द्या. त्यात 'इथे स्पॉट, इथे ब्लू' असं न लिहिता काय घडतंय आणि काय वाटायला हवं ते लिहा, कसं करायचं ते त्यांना ठरवू द्या, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मी लाइटवाल्या मित्राला एवढंच लिहिलं होतं की हा गावातला साधा हॉल आहे, संध्याकाळ होतेय, आणि प्रेक्षकही याच हॉलमध्ये बसलेत. त्यानेच सुचवलं की पहिल्या अंकात प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवायचेच नाहीत, थोडे ठेवायचे, आणि दार अडकतं तिथून हळूहळू काढत न्यायचे, कोणाला कळणार नाही इतके हळू. मला हे आयुष्यात सुचलं नसतं.

कपडे प्रवासातून आलेल्या माणसांचे, जरा चुरगळलेले. सुखात्म्यांचा वकिली काळा गाऊन मात्र खरा हवा, भाड्याने आणा, कारण तो अंगावर चढला की माणूस बदलतो. यावर जास्त बोलायची गरज नाही.

दिवस उलटे मोजा

प्रयोगाच्या तारखेपासून मागे या. शेवटचे दोन दिवस टेक्निकल आणि रंगीत तालीम, त्याआधी एक आठवडा नुसते रन-थ्रू (न थांबता अख्खं नाटक), त्याआधी दोन-अडीच आठवडे ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहतं, कुठे जातं ते) आणि प्रसंग, त्याआधी चार-पाच दिवस बसून वाचन. त्याच्याही आधी तुमचे स्वतःचे किमान पंधरा दिवस, वही-वाक्य-नकाशासाठी. परीक्षा, सबमिशन, गणपती हे कॅलेंडरवर आधीच लाल करून टाका. गणपतीत पुण्यात तालमीला वेळेवर कोणी पोचत नाही, ते धरूनच चाला.

नटांना पहिल्या दिवशी आपलं वाक्य सांगायचं का? मी सांगत नाही. टेक्निकल टीमला सांगते, नटांना नाही. सामंत करणाऱ्या मुलाला जर मी म्हटलं की तू नकळत सामील होणारा माणूस आहेस तर तो ते दाखवायला जाणार, आणि 'नकळत' संपलं. त्याला मी फक्त विचारत राहिले, आता तुला काय दिसतंय, तू आत्ता घरी का जात नाहीस. एके दिवशी तो म्हणाला, मला इथे यांच्यात बसायला मिळालंय ना, मुंबईच्या लोकांत, म्हणून. ते मी वहीत उजव्या पानावर लिहून चौकट केली. माझ्या वाक्यात ते नव्हतं, आणि त्याच्या त्या एका उत्तराने तिसरा अंक सुधारला. वही म्हणून पेन्सिलने.

अजून एक, आणि हे मी कळकळीने सांगते. असं नाटक बसवताना सात-आठ मुलं रोज एका मुलीला घेरून बोलतात, भले लिहिलेलं असेल, तरी ते अंगाला लागतं, तिलाही आणि त्या मुलांनाही. आम्ही तालीम संपली की दहा मिनिटं गोल बसून चहा प्यायचो, कोणी फोन काढायचा नाही, पात्रांच्या नावाने हाक मारायची नाही. तुमच्या वेळापत्रकात ही दहा मिनिटं लिहूनच ठेवा, उरला वेळ तर बघू असं नको.

प्रयोगाच्या दिवशी

तिसरी घंटा झाली की विंगेत थांबू नका, तिथे तुमचं आता काही काम नाही आणि नटांना उगाच टेन्शन येतं. वही आणि पेन्सिल घेऊन शेवटच्या रांगेच्या मागे उभे राहा आणि स्टेजकडे कमी, प्रेक्षकांच्या पाठींकडे जास्त बघा. कुठे हसले, कुठे खोकले, कुठे कोणी फोन काढला, त्या त्या संवादासमोर खूण करा. आमचं पहिल्या प्रयोगाला हसू जिथे थांबावं असं वाटत होतं त्याच्या जवळजवळ दोन पानं आधीच थांबलं, कारण सुखात्मे करणारा मुलगा गाऊन घातल्याबरोबर एकदम धारदार झाला होता. दुसऱ्या प्रयोगाच्या आधी त्याला सांगितलं, अजून दोन पानं हसत राहा. त्या रात्री हसू कडीच्या आवाजापर्यंत टिकलं.